चांगभलं, एक वीत अंतरावरून

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका खोलीत संगणक वगळला तर सगळ्यात जास्त पैसे हेडफोनवर गेले आहेत. माइक हजार-बाराशेचा, ऑनलाइन मागवलेला चिनी कंडेन्सर. ऑडिओ इंटरफेस सेकंडहँड. स्टँड लोखंडी पट्टीला वेल्डिंग करून घरीच केलेला, आणि त्याच्यापुढे भरतकामाच्या रिंगवर ताणून बसवलेला नायलॉनचा जुना मोजा, हा पॉप फिल्टर. खोलीचा मालक, एक पोरगा, दिवसा उद्यमनगरात सीएनसी मशीनवर असतो आणि रात्री गाणी रेकॉर्ड करतो. चैत्री पौर्णिमा जवळ आली की त्याला झोप नसते. वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा भरायच्या आत करवीर, पन्हाळा, कागल भागातल्या हौशी गायकांना आपलं नवं गाणं मोबाइलवर, टेम्पोवर आणि देवळाच्या कर्ण्यावर वाजलेलं हवं असतं.

येणारा प्रत्येक जण आधी माइककडे बघतो आणि थोडा हिरमुसतो. “एवढ्यावर होतंय व्हय?” हा प्रश्न ठरलेला. होतं. पण ते माइकमुळे होत नाही, हे त्या खोलीत दोन-तीन रात्री बसल्यावर मला पटलं.

खरी अडचण खोलीची आहे. दहा बाय बाराची खोली, खाली फरशी, वर स्लॅब, चारी भिंती गुळगुळीत. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली की तिच्या मागोमाग बारीक झणझणाट ऐकू येतो. समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत असतात. खालच्या सुरांचा त्रास वेगळाच. दहा फूट अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा सूर घुमतो, तसाच त्याच्या दुप्पट, म्हणजे 112 हर्ट्झचाही. पुरुषाचा साधा बोलण्याचा आवाज याच भागात असतो. त्यामुळे एखादाच स्वर विनाकारण फुगून येतो आणि गायकाला वाटतं, माइकच खराब.

अनेक जण अशा वेळी भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात. दिसायला स्टुडिओसारखं दिसतं, उपयोग जवळजवळ नाही. पातळ पुठ्ठा आवाज पीत नाही, फार तर वरचे सूर थोडे विखुरतो, आणि पेटला तर भडकतो. इथे ट्रेऐवजी वाकळी आहेत. आजीच्या हातच्या, जुन्या लुगड्यांच्या थरांवर थर घालून शिवलेल्या, उचलताना हाताला वजन लागणाऱ्या. त्या भिंतीला चिकटवलेल्या नाहीत. छताच्या हुकांना बांबू टांगून त्यावर टाकल्या आहेत, भिंतीपासून वीतभर पुढे. मागे हवेचा थर राहिला की जाड कापड थोड्या खालच्या सुरांपर्यंत काम करतं.

बहुतेकांचं चुकतं ते वाकळ कुठे टांगायची याबाबतीत. माणसं ती माइकच्या मागच्या भिंतीवर टांगतात, कारण गाताना तोंड तिकडे असतं. पण हा माइक पुढून ऐकतो आणि पाठीमागून आलेला आवाज बराचसा सोडून देतो. त्याच्या समोर काय आहे? गायक, आणि गायकाच्या पाठीमागची भिंत. तिच्यावरून परतलेला आवाज थेट माइकच्या तोंडात शिरतो. म्हणून पहिली वाकळ गायकाच्या पाठीशी. इथे तर गायकाला कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे पाठ करून उभं करतात, दोन्ही बाजूंना वाकळी. खोलीच्या बरोबर मध्यावर मात्र कुणालाच उभं करत नाहीत.

आता शांतता. पेठेत ती मिळते कुठे? सकाळी भांडी, मग भाजीवाल्याची हाळी, दुपारी शेजारचा कुकर, संध्याकाळी तालमीकडून हलगी. म्हणून काम रात्री अकरानंतर. त्यातही फ्रिजचा प्लग काढायचा, पंखा बंद. चैत्रातला उकाडा, वाकळींच्या कोंडाळ्यात उभा माणूस आणि पंखा नाही! दोन कडवी झाली की गायक घामाने निथळतो आणि बाहेर पळतो. पंख्याची घरघर नंतर सॉफ्टवेअरने काढता येते असं सांगणारे भेटतात. थोडी काढता येते. ऑडॅसिटीमध्ये नुसत्या घरघरीचा एखादा सेकंद निवडायचा, तो नमुना म्हणून द्यायचा आणि मग सगळ्या रेकॉर्डिंगमधून तेवढं वजा करायला सांगायचं. पण घरघर मोठी असली तर तिच्यासोबत आवाजाचाही लचका तुटतो आणि माणूस पाण्याखालून गातोय असं वाटू लागतं. पंख्याचं बटण बंद करायला एक सेकंद लागतो.

मी बसलो होतो त्यातल्या एका रात्री कागलकडचे एक भजनी बुवा आले होते. पन्नाशी उलटलेले, काळी चारमध्ये गाणारे, उघड्या मैदानात माइकशिवाय गायची सवय. बुवा थेट माइकला ओठ लावून उभे राहिले.

“मामा, जरा मागं सरा.”

“मागं सरल्यावर आवाज कसा जायचा?”

“त्येला ऐकू येतंय वो, बहिरा न्हाई त्यो. एक वीत ठेवा.”

ही वीत म्हणजे आठ-नऊ इंच. त्याहून जवळ गेलं की असा माइक खालचे सूर वाढवून दाखवतो आणि आवाज गुबगुबीत होतो. रेडिओच्या निवेदकाला तो शोभतो, भजनाला नाही. लांब गेलं तर दुसरं संकट. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर दुप्पट केलं की थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो, पण खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. म्हणजे प्रमाणात खोली जास्त ऐकू येते. “घरी रेकॉर्ड केल्यासारखं वाटतंय” असं आपण ज्याला म्हणतो ते हेच.

वीत ठरली तरी एक अडचण उरते, आणि ती जोतिबाच्या गाण्याला टाळता येत नाही. ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ या गजरातला भ. मराठीत ख, घ, ठ, ध, फ, भ अशी हवा सोडणारी अक्षरं पावलोपावली येतात. त्यात फ आणि भ ओठांवरून सुटतात, म्हणून सर्वांत वाईट. त्या हवेचा झोत माइकच्या पडद्यावर आपटला की रेकॉर्डिंगमध्ये धप्प असा आवाज येतो. मोजा तो झोत फोडतो, पण बुवांच्या दमापुढे मोजा पुरला नाही. मग माइक थोडा वर, नाकाच्या उंचीला आणि किंचित बाजूला नेऊन तोंडाकडे तिरका झुकवला. झोत सरळ खालून निघून गेला, आवाज मात्र पोहोचला.

अंतरावर गाणं तोलायची ही युक्ती जुनीच आहे. 1925च्या आसपास विद्युत ध्वनिमुद्रण येण्याआधी गायक भोंग्यात तोंड घालून गात आणि तार सप्तकाला मागे सरत. ‘प्रभात’ कंपनी 1929 साली याच कोल्हापुरात सुरू झाली. तिच्या 1932च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाच्या वेळी पार्श्वगायन नव्हतं. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांना चित्रीकरण चालू असतानाच गावं लागे. आवाज नंतर दुरुस्त करायची सोयच नव्हती. कोण कुठे उभा राहतो यावरच सगळं बेतलेलं. मला वाटतं, आपण सॉफ्टवेअरच्या नादात ही अक्कल थोडी हरवून बसलो आहोत.

बुवांना दुसरा त्रास झाला तो हेडफोनचा. संगणकातून फिरून आलेला स्वतःचा आवाज क्षणभर उशिरा कानात पडतो. सेकंदाला 48 हजार नमुन्यांच्या वेगाला 256 नमुन्यांचा बफर ठेवला तर फक्त जाताना पाच मिलिसेकंद लागतात, परत येताना तेवढेच, आणि जुना संगणक वरून आपली भर घालतो. ऐकायला क्षुल्लक, पण लयीत वाढलेल्या माणसाला ते बोचतं. बुवा ठेक्याच्या मागे पडू लागले. इलाज स्वस्तातला निघाला: त्यांचा आवाज हेडफोनमधून बंद केला, फक्त ढोलकी आणि पेटीचा ट्रॅक ठेवला आणि एक कान मोकळा केला. बुवांनी आपसूक मोकळ्या कानावर हात ठेवला आणि गाणं जागेवर आलं.

आवाजाची पातळी ठरवताना पोरगा त्यांना पहिली ओळ गायला सांगत नाही. सगळ्यात वरची आरोळी द्यायला सांगतो. ती उणे सहा डेसिबलच्या वर जाता कामा नये. संगणकातल्या रेकॉर्डिंगला शून्य डेसिबल हे छप्पर आहे. त्यावर गेलेला आवाज चिरतो आणि चिरलेला भाग परत मिळत नाही. 24 बिटवर रेकॉर्ड करत असाल तर हळू आवाजाची भीती बाळगायचं कारण नाही, तो नंतर वाढवता येतो.

तीनदा पूर्ण गाणं झालं. त्यातून ओळी निवडून एक गाणं जुळवायचं म्हटल्यावर बुवांना ते पटेना. त्यांच्या लेखी ती लबाडी. शेवटी दुसऱ्या वेळचंच अख्खं गाणं ठेवलं, फक्त खोकल्याची एक जागा बदलली. बुवांचं बरोबर होतं असं माझं मत आहे. त्या गाण्यात दम कुठे लागला तेही ऐकू येतं, आणि ते ऐकू यायला हवं.

सॉफ्टवेअरचं काम उरतं ते फार थोडं. पहिल्यांदा 80 हर्ट्झच्या खालचं सगळं कापायचं. तिथे पावलांची धमक आणि रस्त्यावरचा ट्रक असतो, आवाज नसतो. मग 300 हर्ट्झच्या आसपास थोडं उतरवायचं, म्हणजे डब्यात गायल्याचा भास जातो. पुढचा सल्ला जिकडेतिकडे मिळतो तो म्हणजे वरचे सूर वाढवा, आवाज चकाकेल. स्वस्त कंडेन्सरच्या बाबतीत हा सल्ला उलटा घ्यावा. हे माइक मुळातच वरच्या सुरांना कर्कश असतात. स, श, च कानात टोचतात. सहा ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कमी करावं लागतं.

कंप्रेसर हे जास्त जपून वापरायचं हत्यार. तीनास एक असं प्रमाण ठेवलं तर ठरवलेल्या मर्यादेपुढे आवाज तीन डेसिबल वाढला तरी तो एकच पुढे जाऊ देतो. सिनेगीताच्या मऊ आवाजाला ते मानवतं. पण शाहीर किंवा भजनी बुवा कुजबुजीपासून आरोळीपर्यंत जातो. त्याला सरसकट दाबलं तर आरोळीतली आरोळीच जाते. म्हणून पोरगा आधी हाताने, शब्द न् शब्द बघून, बुडालेले शब्द वर उचलतो आणि मगच हलका कंप्रेसर लावतो. एका गाण्याला यात दीड-दोन तास जातात. आवाज ‘व्यावसायिक’ वाटतो तो याच कंटाळवाण्या कामामुळे, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

शेवटी बुवांची मागणी आली, “एको टाक जरा.” कोल्हापुरात एकोशिवाय गाणं पुरं होत नाही, ऑर्केस्ट्रा आणि गणपती मंडळांनी आपल्या कानांना ती सवय लावली आहे. पोरगा एको ऐकू येईपर्यंत वाढवतो आणि मग ऐकू येईनासा होईपर्यंत उतरवतो. बुवा नाराज होतात. मग थोडा चढवतो. तडजोड.

आणि हे गाणं वाजणार कुठे, याचाही विचार. देवळाचा कर्णा खालचे सूर दाखवतच नाही, अगदी वरचेही नाही. महागड्या स्पीकरवर बसवलेला दणदणीत आवाज कर्ण्यावर फुकट जातो. शब्द कळतात ते एक ते चार हजार हर्ट्झच्या भागात. म्हणून शेवटची तपासणी मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर. आवाज उगाच ठासून मोठा करण्यातही अर्थ नाही, यूट्यूब जास्त मोठी गाणी आपणहून खाली उतरवतं.

हातात थोडे पैसे आले तर आधी बरे हेडफोन घ्या, मग भक्कम स्टँड. खोली फारच गोंगाटाची असेल तर महाग कंडेन्सरपेक्षा मांडवात दिसतो तसला साधा डायनॅमिक माइक बरा; तो लांबचं कमी ऐकतो. याहून मोठी विनंती मात्र वेगळी आहे. शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादियाखाँ 1946 साली गेले; त्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका आपल्याकडे नाही. त्यांची गायकी आपण केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या गळ्यातून ऐकतो. तुमच्या गावातही एखादा म्हातारा गोंधळी, एखादी ओव्या म्हणणारी आजी असेल. पाठीमागे वाकळ टांगा, पंखा बंद करा, वीतभर अंतर ठेवा आणि रेकॉर्ड करा. ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट म्हणून ठेवू नका, तिथे आवाज दाबला जातो. मूळ वेव्ह फाइल दोन ठिकाणी जपा. 24 बिट, 48 हजार, मोनो असेल तर एका मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडं वर जागा लागते. अर्ध्या तासाच्या गोंधळाला साधारण 260.