वरळीची फ्रेम, नाहूरची हवा
मुंबईत एकेकाळी सायकली बनत, हे आता सांगावं लागतं. वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. 1980 मध्ये सरकारने कायदा करून ती कंपनी आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्हींचं राष्ट्रीयीकरण केलं. त्या काळच्या फ्रेमी आजही माळ्यावरून नाहीतर भंगारातून बाहेर येतात. अंगावर ऑइलपेंटचे दोन-तीन हात, खाली कुठेतरी कारखान्यातला भट्टीत भाजलेला काळा रंग.

समजा अशी फ्रेम मुंबईतच, भांडुप आणि मुलुंडच्या मधल्या नाहूरला हाती आली. शेजारच्या भांडुपला एशियन पेंट्सने रंग बनवले. अशा पट्ट्यात रंग चढवायला माणूस शोधावा लागत नाही. उतरवायचा म्हटला, की मात्र डोकं लागतं.

रिमूव्हरचा जाड थर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं, की ऑइलपेंट सुरकुततो आणि पट्टीने निघतो. भट्टीचा रंग दोन-तीनदा लावल्याशिवाय हलत नाही. जुन्या रिमूव्हरमधलं मिथिलीन क्लोराइड बंद गाळ्यात जीवही घेतं. कॉस्टिक सोडा स्वस्त. तो पोलादाला सोडतो, ॲल्युमिनियमला खातो. शिवाय नळीच्या आत राहिला, तर पुढे नव्या रंगाला फुगे आणतो. हीट गनने फ्रेमच्या जोडांमधला पितळेचा डाख सुटत नाही, त्याला नऊशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. धोका धुराचा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरात. म्हणून कोरडा पॉलिश पेपर नको, पाण्याचा वापरावा. आणि घासकाम पोरं खेळतात त्या गॅलरीत करू नये.

सँड ब्लास्टिंग सगळ्यांत झटपट होतं. पण जोरात मारलं, तर पातळ नळी खरवडते आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर पुसट होतो. नंबर गेला, की सायकल कुठली आणि केव्हाची, हे ओळखण्याचा मोठा आधार जातो.

उघडं पोलाद नाहूरला फार वेळ ठेवता येत नाही. पूर्वेला मिठागरं आणि ठाण्याची खाडी; पावसाळ्यात सकाळी चकचकीत केलेल्या नळीवर संध्याकाळी तांबूस झाक दिसते. ओला पेपर मारला, की लगेच कोरडं करायचं, थिनरने पुसायचं, नंतर हात न लावता त्याच दिवशी प्रायमर मारायचा. शक्यतो हे काम दिवाळीनंतरच काढावं.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली घडीची बीएसए पॅराट्रूपर आहे. अशा सायकलीची किंमत तिच्या खुणांत असते. साध्या हिंदलाही हाच न्याय लावावा. आधी तळाशी, पायडलच्या धुऱ्याच्या नळीखाली, बोटभर जागा खरवडून पाहावी. काळा रंग आणि सोनेरी रेघ शाबूत निघाली, तर वरचे हात तेवढे उतरवून थांबावं. गंजानेच पोखरलं असेल, तर फ्रेम जरूर ब्लास्टिंगच्या गाळ्यावर टाकावी; मात्र त्याआधी नंबराचा फोटो काढावा, पुढचा बिल्ला उतरवून घ्यावा, नंबरावर आणि आट्यांवर जाड टेप लावावी, आणि वाळूऐवजी काचेच्या मण्यांचा हलका मारा करायला सांगावं.