एका सशामागे दोन शिकारी

शिकारीच्या दिवशी सकाळी पहिलं काम तराजूचं. हॅरिस हॉक या शिकारी पक्ष्यांची जोडी पाळणारा माणूस दोघांना आळीपाळीने तराजूच्या दांडीवर बसवतो आणि वहीत ग्रॅम टिपून ठेवतो. नराचं वजन साधारण ६०० ते ७०० ग्रॅम, मादीचं ९०० ते १००० ग्रॅम. आदल्या दिवशी खाणं जास्त झालं असेल, तर पक्षी झाडावर बसून राहतो, हाकेला येत नाही. वजन फार उतरलं असेल, तर उडण्याचं बळच राहत नाही. एकट्या पक्ष्यापुरतं हे एवढंच. जोडीत मात्र आणखी एक धोका असतो. अती भुकेला पक्षी आधी जोडीदाराच्या मांसावर झडप घालतो आणि वेळ आली तर जोडीदारावरही. या पक्ष्यांचं शस्त्र म्हणजे पाय. पकड एकदा आवळली की सहज सुटत नाही, आणि मादीच्या पंजात सापडलेला नर जिवानिशी जाऊ शकतो.

म्हणूनच पाळीव शिकारी पक्षी बहुधा एकेकटेच उडवले जातात. बाज, म्हणजे गॉसहॉक, तर दुसरा बाज दिसताच त्याला शत्रू किंवा भक्ष्य समजतो. या घराण्यात हॅरिस हॉक वेगळा निघाला. अमेरिकेच्या ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सासपासून थेट चिली-अर्जेंटिनापर्यंत राहणाऱ्या या तपकिरी, तांबूस खांद्यांच्या पक्ष्याला पक्षीचित्रकार ऑड्युबॉनने आपला मित्र आणि आश्रयदाता एडवर्ड हॅरिस याचं नाव दिलं. या पक्ष्याचा खरा स्वभाव जगाला बऱ्याच उशिरा कळला. १९७०च्या दशकात विल्यम मेडर या अभ्यासकाने ॲरिझोनात एकाच घरट्याची देखभाल करणारे तीन प्रौढ पक्षी पाहिले. त्यानंतर १९८८ मध्ये जेम्स बेडनार्झ यांचा न्यू मेक्सिकोतल्या निरीक्षणांवरचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला.

बेडनार्झ यांना दिसलं ते असं. विणीचा हंगाम संपला की हे पक्षी दोन ते सहा जणांच्या टोळ्या करून शिकार करतात. ससा उघड्यावर असेल, तर वेगवेगळ्या दिशांनी येऊन सगळे एकदम तुटून पडतात. तो झुडपात शिरला, तर बाकीचे भोवती दबा धरतात आणि एक-दोघं आत घुसून त्याला बाहेर काढतात. तो पळतच सुटला, तर पाठलागाची आघाडी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एकाची झेप चुकली की पुढचा तयार असतो. मारलेला ससा टोळीत वाटून खाल्ला जातो. तिथला जॅकरॅबिट जातीचा ससा एकट्या मादीच्या दुपटीहून जड भरतो. असं भक्ष्य पाडून वाटून खाण्याची रीत तोवर काही मोजक्या सस्तन प्राण्यांतच ठामपणे नोंदली गेली होती.

पाळीव शिकारी पक्ष्यांच्या जोड्या त्याआधीही होत्या, पण ससाण्यांच्या. नेदरलँड्समधल्या हेट लू या राजवाड्याच्या परिसरात १८३९ मध्ये राजाश्रयाने एक मंडळ स्थापन झालं आणि १८५५ पर्यंत तिथे बहिरी ससाण्यांच्या जोड्या राखी बगळ्यांवर सोडल्या गेल्या. बगळा गिरक्या घेत वर चढायचा. एक ससाणा त्याच्यावर सूर मारायचा, तेवढ्यात दुसरा आणखी उंची गाठायचा. एडवर्ड न्यूकम या इंग्रज शिकाऱ्याच्या ‘सुलतान’ आणि ‘डी रायटर’ या जोडीने १८४३ आणि १८४४ या दोन हंगामांत मिळून शंभराहून अधिक बगळे खाली आणले. पुष्कळदा अशा बगळ्याच्या पायात कडी घालून त्याला सोडून दिलं जाई. मात्र या जोडीचा मेळ आभाळातल्या अंतरावर टिकून होता. जमिनीवर, एकाच भक्ष्यापाशी, प्रश्न पुन्हा उभा राहतोच.

आपल्याकडेही ही विद्या जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात श्येनविनोदाला, म्हणजे शिकारी पक्ष्यांच्या खेळाला, स्वतंत्र प्रकरण आहे. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा त्याच्याच राज्यात होता. तांबड्या डोक्याचा चपळ तुरमती ससाणा रानात जोडीनेच शिकार करतो. त्याला माणसाळवून नीलकंठावर सोडत असत, अशी नोंद टी. सी. जर्डन यांनी १८६२ मध्ये केली आहे. आता १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हे पक्षी पकडणं आणि पाळणं बंद आहे, आणि माळरानांची आजची अवस्था पाहता ते बंदच राहायला हवं. हॅरिस हॉकची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटन-अमेरिकेत उडवले जाणारे बरेचसे हॅरिस पिंजऱ्यातच पैदा झालेले असतात.

तिथेही दोन अनोळखी पक्षी एका रानात सोडून चालत नाही. जोडी लावण्याचं काम घाईचं नाही. दोघंही आधी स्वतंत्रपणे तयार झालेले असावे लागतात, शिट्टी ऐकून हातमोज्यावर येणारे, एकट्याने ससा धरलेले. कच्च्या पक्ष्याला जोडीदार दिला की शिकणं मागे पडतं आणि भांडण पुढे येतं.

सुरुवात अंगणात होते. दोन ठेंगण्या बैठका एकमेकींना दिसतील अशा मांडतात आणि दोऱ्यांची लांबी मोजून घेतात, म्हणजे दोघांनी एकाच वेळी उसळी मारली तरी पंजाला पंजा लागू नये. पहिले काही दिवस दोघांची पिसं फुललेली असतात, नजर एकमेकांवर खिळलेली असते, ओरडाआरडा होतो. मग कधीतरी एक जण एका पायावर उभा राहून पिसं विंचरू लागतो. जाणता माणूस याच खुणेची वाट पाहत असतो. ती दिसली की बैठका थोड्या जवळ सरकतात. पुढे दोघांना समोरासमोर, पण ज्याच्या त्याच्या जागी खायला मिळतं. त्यानंतर दोन माणसं हातावर एकेक पक्षी घेऊन शेजारी उभी राहतात, आणि मगच एकाला मोकळं सोडून दुसऱ्याला हातावर ठेवण्याची पायरी येते. या सगळ्यात एक नियम कधी मोडायचा नाही: दोघांच्या मध्ये मांसाचा एकच तुकडा टाकायचा नाही. ज्याला बोलावलं त्यालाच मिळालं पाहिजे, आणि ते त्याच्याच माणसाच्या हातून.

शिकार एकत्र कशी करायची, हे कोणी शिकवत नाही. ते त्यांच्या रक्तात आहे. माणूस फक्त भांडणाची कारणं एकेक करून काढून घेतो: भूक, जवळीक, हक्काबद्दलची शंका. मग रानात गेल्यावर मादी उंच झाडावर बसते, नर खालच्या फांदीवर. माणसाने काठीने झुडूप हलवलं की नर आत शिरतो आणि ससा मादीच्या बाजूला निघतो. अमेरिकेतल्या उघड्या मैदानांत झाडं नसतात, तिथे माणूस इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची उंच काठी खांद्यावर धरून चालतो आणि दोघं तिच्या आडव्या दांडीवर बसून भोवतालचं रान न्याहाळतात.

खरी परीक्षा ससा सापडल्यावर. मादीने तो धरलाय, नर वरून येतोय, आणि माणूस काट्यांतून धावतोय. पोचल्यावर तो आधी सशाला झटपट संपवतो, एका पक्ष्याला शिकारीवर खाऊ देतो आणि दुसऱ्याला हातमोज्यावर मांस दाखवून बाजूला उचलतो. हातमोज्यावरचा घास शिकारीवरच्या घासाइतकाच मोठा असावा लागतो. तो कमी पडला, तर पुढच्या खेपेला तो पक्षी हातावर यायचा नाही, थेट जोडीदाराच्या अंगावर जायचा. एकाच घरट्यात वाढलेल्या भावंडांना हे लवकर जमतं. पिल्लूपणापासून एकट्या माणसाच्या हाती वाढलेला पक्षी दुसऱ्याला सहसा खपवून घेत नाही.

काही जोड्या जमतच नाहीत. महिनाभर शांत बसणारी मादी पहिल्याच सशावर नराचा पाय धरते, आणि मग रक्त पुसत दोघांची पकड सोडवावी लागते. अशा वेळी हट्ट धरणारा माणूस नर गमावतो. शहाणा माणूस दुसऱ्या दिवशीपासून दोन वेगळ्या पाळ्या ठरवतो: सकाळी मादी, दुपारी नर, आणि अंगणातल्या बैठका पुन्हा पहिल्या अंतरावर.