घोषणा पाठ, प्रश्न तसेच

अर्धापूर असो वा लातूर, १ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन आला की महाविद्यालयांत प्रभातफेरी, रेड रिबन क्लबची भित्तिपत्रके आणि शपथ ठरलेली. संदेश पोचला, असे आपण समजतो. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) वेगळे सांगते. नियमित कंडोम वापरल्याने एचआयव्हीचा धोका घटतो, हे देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ६८.४ टक्के स्त्रियांना आणि ८२ टक्के पुरुषांना ठाऊक होते. सर्वंकष माहिती मात्र अनुक्रमे २१.६ आणि ३०.७ टक्क्यांनाच. या ‘सर्वंकष’मध्ये कंडोमच्या माहितीपलीकडे अवघड काही नाही. एकनिष्ठ, लागण नसलेला जोडीदार असल्यास धोका घटतो, धडधाकट दिसणाऱ्यालाही लागण असू शकते, एवढे कळावे आणि दोन प्रचलित गैरसमज नसावेत. हे आकडे केवळ विद्यार्थ्यांचे नाहीत, हे खरे; पण विद्यार्थी याच घरांतून येतात.

घोटाळा संदेशाच्या सुरात आहे. ‘संयम पाळा, वाईट संगत टाळा’ ऐकणारा मुलगा मनात म्हणतो, मी तर चांगल्या घरचा. म्हणजे धोका ट्रकचालकांना आणि वेश्यावस्तीला, आपल्याला नाही! त्यात २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवले, त्यामुळे अनेकांची पाटी महाविद्यालयात येईतो कोरीच राहिली. अर्धवट माहितीचे मोल कोण मोजते? लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात ‘सेवालय’मधील एचआयव्हीग्रस्त मुले २००९ मध्ये गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा पालकांनी विरोध केला. एड्स हा शब्द त्यांना माहीत होताच. एका बाकावर बसल्याने तो होत नाही, ही अर्धी गोष्ट मनात उतरली नव्हती.

यावर आक्षेप येतो की, औषधे आहेत असे सांगितले तर पोरे बेफिकीर होतील, थोडी भीती हवीच. मला तो पटत नाही. सरकारी केंद्रांत एचआयव्हीला रोखणारी एआरटी औषधे २००४ पासून मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. हे लपवले तर तपासणी म्हणजे फाशीचा हुकूम वाटतो आणि कोणी तिकडे फिरकत नाही. लागण माहीतच नसेल, तर खबरदारी कोण घेणार? २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीविना तपासणीला आणि भेदभावाला मनाई केली आहे, हेही शपथेत कुठे येत नाही. तेव्हा प्राध्यापकांनो, यंदा फेरीआधी मुलामुलींकडून निनावी चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवा, त्यांची उत्तरे डॉक्टरांकडून वर्गातच द्या, आणि फलकावर मोफत मदतवाहिनीचा १०९७ हा क्रमांक ठळक लिहा.