गोधडी प्रदर्शनात मांडताना

आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्या बाईला मालाची किंमत सांगण्याची सवय नाही. जुन्या साड्या, लुगडी, धोतरे गिऱ्हाइकाची. तिने टाके घालायचे आणि शिलाई घ्यायची. पिंजारी-नदाफ बांधवांचेही बहुधा असेच चालत आले. कापूस समोरच्याचा, पिंजाई-भराई यांची. त्यामुळे पहिल्यांदा प्रदर्शनात गाळा घेतला की खरी अडचण येते ती किमतीची.

पिंपरी-चिंचवड महापालिका महिला बचत गटांसाठी पवनाथडी जत्रा भरवते. आपल्या घरातील महिलांचा गट नोंदलेला असेल तर तेथे गोधड्या, दुपटी, रजया मांडता येतात. महापालिकेच्या समाज विकास विभागात चौकशी करावी आणि ती जत्रा जाहीर होण्याची वाट न पाहता करावी.

आता हिशेब. समजा, एका मोठ्या गोधडीला आठ दिवस लागले. रोजची मजुरी तीनशे धरली तरी 2,400 रुपये झाले. कापड, अस्तर व दोरा 500. गाळ्याचे भाडे, टेम्पो, जेवणखाण यांचा वाटा 150. म्हणजे 3,050 रुपयांना ती घरातच पडली, नफा वेगळा. पुष्कळ भगिनी ही गोधडी हजार-बाराशेला देऊन मोकळ्या होतात, कारण शेजारच्या गाळ्यावर पानिपतचे यंत्रावरचे ब्लँकेट त्याहून स्वस्त असते. आम्हाला हे मुळीच पटत नाही. आठ दिवसांपैकी सहाहून अधिक दिवस फुकट राबून केलेल्या विक्रीला धंदा कसे म्हणावे? एवढी किंमत येत नसेल तर लहान माल करावा. बाळाचे दुपटे एक-दोन दिवसांत होते, ते घेताना गिऱ्हाईक फार विचार करत नाही, आणि गाळ्याचा खर्च बहुधा त्यावरच निघतो.

मोठ्या गोधडीचे गिऱ्हाईक वेगळे. भोसरी, निगडी, चाकणच्या कारखान्यांत मराठवाडा, खानदेश, विदर्भातून आलेली हजारो कुटुंबे आहेत. त्यांच्या गावी कोणी गोधडी म्हणते, कोणी वाकळ, कोणी लेप. फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर शिवणारे हात मागे राहिले. अशा घरातील बाई गाळ्यासमोर थांबते, उलटून टाके पाहते. तिला घाई करू नये.

म्हणून मालाची मांडणी अशी हवी की टाका दिसेल. घडी घालून रचलेल्या दहा गोधड्यांपेक्षा टांगलेली एक अधिक बोलते. पाठीमागे वरच्या काठाला चार इंच रुंदीची पट्टी नळीसारखी शिवून त्यातून बांबू घालावा. टाचण्या-खिळ्यांनी कापड फाटते. उघड्या मैदानात धूळ फार, तेव्हा खाली ताडपत्री आणि रात्री वर चादर हवीच. जुन्या साडीचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने आधीच घासून पाहावे. प्रत्येक नगाला लांबी-रुंदी, कापड, शिवायला लागलेले दिवस आणि किंमत लिहिलेली चिठ्ठी लावावी. चाकणच्या आठवडा बाजारासारखी घासाघीस येथेही होईल. दिवस लिहिलेले असले की बोलणे सोपे जाते.

जुन्या कापडाची लाज वाटण्याचेही कारण नाही. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रिया, ज्यांत मुसलमानही आहेत, जुन्याच कपड्यांची कवंडी शिवतात आणि कोपऱ्यांवर कापडाची घडीव फुले लावतात. त्यांच्या कवंड्या 2011 साली न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग सेंटरमध्ये मांडल्या गेल्या.

जीएसटीची धास्ती अनेकांना असते. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर साधारणतः नोंदणी लागत नाही. पावतीपुस्तक मात्र ठेवावे.

आणि एक वही ऑर्डरींसाठी. “आईच्या साड्या आहेत, त्यांची शिवून द्याल का?” हे विचारणारे हमखास भेटतात. साड्यांची संख्या, रंग, गोधडीचे माप, देण्याची तारीख त्यांच्यासमोर लिहावी, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि साड्यांच्या गाठोड्यावर नाव शिवून ठेवावे. दुसऱ्याच्या आईची साडी भलत्याच गोधडीत गेली तर ती परत आणता येत नाही.