हिमशिखरांसमोरील वेदी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, टेकापो सरोवराच्या काठी ‘चर्च ऑफ द गुड शेफर्ड’ हे चिमुकले पाषाणी प्रार्थनामंदिर आहे. मॅकेन्झी प्रदेशातील आद्य वसाहतकारांच्या स्मरणार्थ ते १९३५ मध्ये उभारले गेले. दगड परिसरातलेच, उपासनेस निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांना मुभा. वेदीमागे भिंतीच्या जागी विस्तीर्ण काच आहे. तीतून क्रूसापलीकडे निळे जल आणि हिमशिखरे दिसतात. सृष्टीतून स्रष्ट्याचे दर्शन घ्यावे, हा भाव आम्हां भागवतधर्मीयांस परका कसा वाटावा? देशोदेशींचे प्रवासी तेथे लोटतात. परंतु आत छायाचित्रणास मनाई आहे. वाचकहो, दर्शन नेत्रांनी घ्यावे आणि हृदयी साठवावे. सणासुदीला देवापुढे हात जोडण्याआधी यंत्र उगारणाऱ्या आपणां सर्वांस त्या दूरच्या वेदीने एवढे शिकविले, तरी पुष्कळ झाले.