मोठ्या फौजेचं दुखणं

शिवजयंती जवळ आली की अंधेरीपासून मुलुंडपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो : व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते महाराजांचा गनिमी कावा वाचून. याला विश्वासार्ह पुरावा नाही. महाराजांना अशा प्रशस्तिपत्राची गरजही नाही. घाटकोपरहून खोपोली लोकल पकडली की उंबरखिंड फार लांब राहत नाही, ती पाहावी.

उंबरखिंडीच्या लढाईची ‘मावळे झाडीत लपले आणि तुटून पडले’, एवढीच गोष्ट आपण सांगतो. खरी मेख वाटेत होती. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान कुरवंडे घाटाने कोकणात उतरत होता. अरुंद पायवाटेवर मोठी फौज लांबलचक ओळीतच चालणार. हत्यार चालवू शकणार ती टोकांची मोजकी माणसं, मधले नुसते खोळंबलेले. पुढची वाट अडवलेली, मागची बंद, पाण्याचे हाल. सोबतच्या मोगल सरदारीण रायबागनने शरण जायला सांगितलं, त्यात भित्रेपणा नव्हता, हिशेब होता. महाराजांनीही कत्तल न करता खंडणी घेऊन खानाला सोडलं.

मग आणखी फौज आणायची? औरंगजेबाने तेच केलं. १६८२ मध्ये तो दख्खनेत ठाण मांडून बसला, तो १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरेपर्यंत उत्तरेत परतलाच नाही. फौज वाढली की दाणा, वैरण, बैलांचे तांडेही वाढतात. संताजी-धनाजींचे घाव नेमके या रसदेवर पडत. जिंकलेल्या प्रत्येक किल्ल्यावर शिबंदी ठेवावी लागे. म्हणजे जितका विजय, तितकी फौज विखुरलेली. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना मारलं, तरी तह करायला कुणी पुढे आलं नाही. राजाराम महाराज थेट जिंजीला गेले आणि इकडे लढाई चालूच राहिली.

पण गनिमी काव्याने सगळंच जिंकता येतं, हाही भाबडेपणा. आपली उपनगरं ज्या साष्टीवर वसली आहेत, ती पोर्तुगिजांकडून घेणाऱ्या १७३७–३९ च्या मोहिमेत वसईचा कोट पाडायला चिमाजी आप्पांना वेढा, तोफा आणि सुरुंग लागले. तट छाप्याने पडत नाहीत. पुढे पानिपतावर तर पारडंच उलटलं : अवजड तोफखाना, बुणगे आणि यात्रेकरूंसह अडकून पडलेल्या मराठी छावणीची रसद अब्दालीने तोडली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंची फौज उपाशीपोटी लढायला बाहेर पडली.