एडवर्ड कोल्स : इलिनॉयचे दुसरे गव्हर्नर

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ऑगस्ट १८२२ मध्ये गव्हर्नरपदासाठी चौघे उभे होते. राज्याचे मुख्य न्यायाधीश जोसेफ फिलिप्स यांना २,६८७ मते पडली, दुसरे एक न्यायाधीश थॉमस ब्राउन यांना २,४४३, जेम्स मूर यांना ६२२ आणि एडवर्ड कोल्स यांना २,८५४. कोल्स ३५ वर्षांचे, अविवाहित, आणि राज्यात राहायला येऊन जेमतेम तीन वर्षे झालेले. फिलिप्स आणि ब्राउन हे दोघे गुलामगिरीच्या बाजूचे. त्यांच्या मतांत फूट पडली आणि एक तृतीयांश मतांवर गुलामगिरीचा कट्टर विरोधक निवडून आला. पुढे जे घडले ते पाहता अमेरिकेच्या इतिहासात इतकी उपकारक ठरलेली मतविभागणी क्वचितच सापडेल.

कोल्स यांचा जन्म १५ डिसेंबर १७८६ रोजी व्हर्जिनियातील अल्बमार्ल काउंटीत, एनिस्कॉर्थी नावाच्या मळ्यावर झाला. घर जमीनदाराचे, श्रीमंत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसन यांचे मॉन्टिसेलो हे घर याच काउंटीत, आणि त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांची पत्नी डॉली नात्यातली. विल्यम अँड मेरी कॉलेजात शिकताना माणसाच्या नैसर्गिक हक्कांवरची व्याख्याने त्यांनी ऐकली. इतर विद्यार्थ्यांनी ती वहीत उतरवून घेतली; कोल्स यांनी ती खरी मानली. माणूस माणसाची मालमत्ता होऊ शकत नाही, हे पटल्यावर गुलाम बाळगायचे नाहीत असे त्यांनी ठरवले. हा निश्चय मात्र वडिलांपासून लपवून ठेवला, कारण वडिलांना तो कळला असता तर मृत्युपत्रात गुलाम त्यांच्या वाट्याला आलेच नसते आणि मग मुक्त तरी कोणाला करणार? १८०८ मध्ये वडील वारले. शेत आणि गुलाम हाती आले.

आता अडचण कायद्याची होती. व्हर्जिनियाच्या १८०६ च्या कायद्यानुसार मुक्त झालेल्या गुलामाला बारा महिन्यांच्या आत राज्य सोडावे लागे. म्हणजे मुक्त करायचे तर दुसरीकडे नेऊन वसवायलाही हवे. त्याची जुळवाजुळव व्हायच्या आधीच, १८१० मध्ये, राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी त्यांना खासगी सचिव म्हणून बोलावून घेतले. पाच वर्षे तिथे गेली. मधल्या काळात, १८११ मध्ये, ते वृद्ध माजी राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांना भेटले. जेफरसनविषयी अ‍ॅडम्स यांच्या मनात अजून ओलावा आहे हे त्या भेटीत दिसले, आणि ती बातमी जेफरसनपर्यंत पोचल्यावर दोघांचा वर्षानुवर्षे तुटलेला पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला.

याच जेफरसनना कोल्स यांनी ३१ जुलै १८१४ रोजी पत्र लिहिले. सर्व माणसे समान आहेत असे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या माणसाने आता गुलामांच्या मुक्तीसाठी पुढाकार घ्यावा, अशी त्यात विनंती होती. लिहिणारा २७ वर्षांचा, वाचणारा ७१ वर्षांचा. उत्तरावर २५ ऑगस्ट ही तारीख आहे. आदल्याच दिवशी ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टन शहर जाळले होते. जेफरसन यांनी भावनेचे कौतुक केले, हे काम तरुणांचे आहे असे सांगितले, आणि व्हर्जिनिया सोडू नका, गुलामांना सांभाळा, लोकमत हळूहळू वळवा, असा सल्ला दिला. कोल्स यांनी उत्तरादाखल आदराने कळवले की हे काम वडीलधाऱ्यांच्या शब्दाचा भार असल्याशिवाय उभे राहणार नाही. जेफरसन यांच्या गुणदोषांवर ग्रंथ पुष्कळ झाले, पण एवढी तीन पत्रे वाचली तरी बराच उलगडा होतो.

मग मध्ये एकदा राजनैतिक कामासाठी रशियाला जाऊन येणे झाले. १८१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी त्यांना इलिनॉयमधील एडवर्ड्सविल येथे सरकारी जमीन कार्यालयाचे प्रमुख नेमले, आणि अकरा वर्षे मनात ठेवलेला बेत अमलात आला.

त्या वसंतात गुलामांची कुटुंबे गाड्यांतून डोंगर ओलांडून पेनसिल्व्हेनियातील ब्राउन्सविलला पोचली. तिथे कोल्स यांनी सपाट तळाच्या दोन मोठ्या नावा विकत घेतल्या. पिट्सबर्ग मागे पडले आणि एप्रिलमधल्या एका सकाळी, ओहायो नदीच्या पात्रात, दोन्ही नावा एकमेकींना बांधून त्यांनी सर्वांना जवळ बोलावले. थोडक्यात सांगितले : तुम्ही आता स्वतंत्र आहात; माझ्याबरोबर यायचे की इथेच उतरायचे, हे तुम्ही ठरवा. प्रथम कोणाच्या तोंडून शब्द निघेना, मग रडणे-हसणे एकदम सुरू झाले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्यानंतर दुसरी घोषणा केली, की प्रत्येक कुटुंबप्रमुखाला इलिनॉयमध्ये १६० एकर जमीन मिळेल. प्रसंग मोठा आहे यात शंका नाही. तरीही ज्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न, त्यांनाच हा बेत सर्वांत शेवटी कळला, हे नजरेआड करू नये. आणि आपल्याकडे जो आहे तो वृत्तान्त मालकाच्या लेखणीतला.

इलिनॉय नावापुरतेच मुक्त राज्य होते. १७८७ च्या अध्यादेशाने त्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी होती. पण जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांचे गुलाम तसेच राहिले, आणि दीर्घ मुदतीच्या कराराच्या नावाखाली नवे आणले जात. शॉनीटाउनजवळच्या मिठाच्या कारखान्यांना राज्यघटनेनेच १८२५ पर्यंत सवलत दिली होती. १८२० च्या जनगणनेत ५५ हजार वस्तीत ९१७ गुलाम नोंदले गेले.

गव्हर्नर होताच डिसेंबर १८२२ च्या पहिल्याच भाषणात कोल्स यांनी उरलेली गुलामगिरी संपवा, काळ्या लोकांवरचे जाचक कायदे बदला, आणि मुक्त माणसांना पळवून दक्षिणेत विकणाऱ्यांना कडक शिक्षा द्या, अशा मागण्या केल्या. विधिमंडळ भडकले. उलट घटना बदलून गुलामगिरीला वाट करून देण्यासाठी घटना परिषद भरवावी, असा ठराव पुढे आला. दोन तृतीयांश मते हवी होती आणि एक कमी पडत होते. तेव्हा निकोलस हॅन्सन या सभासदाची जागा, जी त्याच अधिवेशनात त्याची म्हणून मान्य झाली होती, ती काढून त्याचा प्रतिस्पर्धी जॉन शॉ याला देण्यात आली. शॉने हवे तसे मत दिले. त्या रात्री राजधानी व्हँडेलियात मशाली घेऊन जमाव गव्हर्नरच्या बिऱ्हाडासमोर आरडाओरडा करून गेला.

परिषद भरवायची की नाही हे आता जनतेच्या मतावर होते. पुढचे अठरा महिने राज्यात दुसरा विषय नव्हता. कोल्स यांचा पगार वर्षाला १,००० डॉलर. चार वर्षांचा सगळा पगार त्यांनी या लढ्यात घातला. मित्रांच्या साहाय्याने व्हँडेलियातील वर्तमानपत्र विकत घेतले. फिलाडेल्फियाहून बँकर निकोलस बिडल यांनी पत्रके छापून पाठवली. इंग्रज वसाहतकार मॉरिस बर्कबेक टोपणनावाने शेतकऱ्यांना समजेल अशा भाषेत लिहीत राहिले. कोल्स यांचा मुद्दा धर्मोपदेशापेक्षा व्यवहाराचा असे : गुलाम ठेवणारा बडा जमीनदार आला की हाताने राबणाऱ्या गरीब शेतकऱ्याची किंमत शून्य. २ ऑगस्ट १८२४ रोजी मतदान झाले. परिषदेच्या बाजूने ४,९७२, विरुद्ध ६,६४०.

सूडही उगवला गेला. मुक्त केलेल्या प्रत्येक माणसामागे १,००० डॉलरचा जामीन भरला नाही, म्हणून मॅडिसन काउंटीने त्यांच्यावर खटला भरला आणि २,००० डॉलर दंडाचा निवाडा मिळवला. तो कायदा कोल्स इलिनॉयला येण्याच्या सुमारासच झाला होता आणि छापूनही आला नव्हता. १८२६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा फिरवला. मध्येच कोल्स काही महिने बाहेरगावी गेले, तर उपगव्हर्नर हबर्ड यांनी पद रिकामे झाल्याचे सांगून खुर्चीवरच हक्क सांगितला. न्यायालयाने त्यांना दाद दिली नाही.

लागोपाठ दुसरी मुदत घटनेत नव्हती. १८३१ मध्ये कोल्स काँग्रेससाठी उभे राहिले, हरले, आणि फिलाडेल्फियाला जाऊन स्थायिक झाले. तिथे वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी लग्न केले. मॅडिसन यांनी निदान मृत्युपत्रात तरी गुलाम मुक्त करावेत म्हणून त्यांनी खूप आग्रह धरला. १८३६ मध्ये मृत्युपत्र उघडले तेव्हा त्यात तसे काही नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, त्यांच्यात कोल्स नक्कीच बसतात. पण त्यांचा स्वतःचा मुलगा रॉबर्ट्स व्हर्जिनियात जाऊन राहिला होता आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये यादवी युद्धात रोअनोक बेटावर, दक्षिणेच्या सैन्याच्या बाजूने लढताना मारला गेला.

१ फेब्रुवारी १८६५ रोजी गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला मान्यता देणारे पहिले राज्य इलिनॉय ठरले. कोल्स यांनी १८२२ मध्ये बदला म्हणून सांगितलेले जाचक कायदे त्याच महिन्यात रद्द झाले. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. ७ जुलै १८६८ रोजी फिलाडेल्फियात वारले.